प्लेगला जंतू सापडला, रक्तदाबाला नाही

१९०२ साली नागपुरात प्लेग शिरला आणि महाल, शुक्रवारी, इतवारी या दाट वस्त्यांवर मरणाचे सावट पसरले. बळीरामपंत हेडगेवार आणि त्यांच्या पत्नी रेवतीबाई या साथीत एकाच दिवशी गेले. धाकटा केशव तेव्हा अजून शाळकरी होता. त्या काळच्या नागपूरकराला मरण कसे येते हे चांगले ठाऊक होते. ते साथीने येत असे, तापाने येत असे, पाण्यातून येत असे. प्लेगपुरते बोलायचे तर ते का येते हेही शास्त्राला कळले होते. १८९४ मध्ये हाँगकाँगला येरसिनने त्याचा जंतू ओळखला होता आणि १८९७ मध्ये हाफकिनने मुंबईत लस तयार केली होती. त्या साथीनंतर अडतीस वर्षांनी, २१ जून १९४० रोजी, त्याच केशवाचे, म्हणजे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांचे नागपुरात निधन झाले. वय अवघे ५१. ते स्वतः कलकत्त्याला वैद्यक शिकलेले होते आणि शेवटच्या आजारात गावातले नामांकित डॉक्टर उशाशी होते. चरित्रकार लिहितात, की अखेरच्या दिवसांत ताप चढत होता, रक्तदाब खाली येत नव्हता, आणि शेवटचा उपाय म्हणून कण्यात सुई घालून पाणी काढण्यात आले. आईवडिलांच्या रोगाचे कारण शास्त्राला सांगता येत होते. मुलाचा रक्तदाब का वाढला हे सांगू शकेल असा डॉक्टर तेव्हा नागपुरात नव्हता, आणि लंडन-न्यूयॉर्कमध्येही नव्हता.

नागपुरात प्लेग येण्याआधीच वैद्यकशास्त्राची एक सवय पक्की झाली होती. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला, प्लेगचा १८९४ मध्ये, हिवतापाचा डास १८९७ मध्ये सिकंदराबादला. प्रत्येक रोगाच्या मागे एक कारण असते, ते शोधले की औषध मिळते, असा विश्वास या यशातून आला आणि साथींच्या बाबतीत तो सार्थही ठरला. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र याच विश्वासाने पन्नास वर्षे वाट चुकवली. एकच एक कारण शोधण्याचा आग्रह सुटला तेव्हाच हा विकार कळू लागला. त्या उकलीत विदर्भाचा आणि मुंबई-पुण्याचा जो वाटा आहे तो आपल्याकडे पुरेसा सांगितला गेलेला नाही.

यंत्र येण्यापूर्वीही ताणलेली, कठीण नाडी वैद्य-हकिमांच्या बोटांना कळत होती, पण तिचा अर्थ लावणे अवघड होते. १७३३ मध्ये इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या धर्मगुरूने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढते हे मोजल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. माणसावर हा प्रयोग करणे अर्थातच शक्य नव्हते. १८३६ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने मृतदेहांच्या तपासणीतून एक जोडी दाखवून दिली. ज्यांची मूत्रपिंडे सुकून आक्रसलेली, त्यांचे हृदय पुष्कळदा मोठे झालेले आढळे. बिघाड मूत्रपिंडात होतो आणि हृदयाला त्याची किंमत मोजावी लागते, असे त्यावरून ठरले. हा क्रम उलटा करणारा तरुण डॉक्टर त्याच रुग्णालयात १८७०च्या दशकात आला. त्याचे नाव फ्रेडरिक अकबर महोमद. त्याचे आजोबा साके दीन महोमद हे पाटण्याचे. त्यांनी इंग्लंडच्या ब्रायटन शहरात चंपी-मालिशीची स्नानगृहे काढून नाव मिळवले होते. नाडीचा आलेख काढणाऱ्या यंत्राने फ्रेडरिकने शेकडो माणसे तपासली आणि दाखवले, की मूत्रपिंडे धडधाकट असलेल्या, चालत्याफिरत्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या माणसांतही दाब चढलेला असतो. मूत्रपिंडांचा बिघाड मागाहून येतो. १८८४ मध्ये पस्तिशीतच विषमज्वराने तो गेला आणि त्याचे काम बराच काळ विस्मृतीत पडले. कारणाच्या शोधातले पहिले मोठे पाऊल मात्र त्याचेच आहे. उच्च रक्तदाब हा दुसऱ्या रोगाचा परिणाम असलाच पाहिजे असे नाही, हे त्याने आधी ओळखले.

पुढची प्रगती यंत्राने घडवली. १८९६ मध्ये तुरिनच्या रिव्हा-रोच्चीने दंडाभोवती फुगवायची रबरी पट्टी आणि पाऱ्याचा स्तंभ यांची जोड घातली. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गचा शल्यवैद्य कोरोत्कोव्ह याने पट्टीच्या खाली धमनीवर नळी लावून ऐकण्याची रीत सांगितली. वरचा आकडा आणि खालचा आकडा हे दोन्ही त्यामुळे हाती आले. दवाखान्यात आजही दाब मोजण्याची मूळ रीत हीच आहे. या आकड्यांचे महत्त्व डॉक्टरांच्या आधी अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांना कळले. ज्यांचा दाब जास्त, त्यांच्या वारसांना पैसे लवकर द्यावे लागतात, हे त्यांच्या हिशेबवह्यांत उतरले होते. १९२५ साली तिथल्या विमागणितज्ञांनी मोठ्या संख्येवर आधारलेला अहवालच काढला. डॉक्टर मात्र वेगळ्याच समजुतीत होते. वयाबरोबर धमन्या अरुंद होतात, मग मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त पोहोचावे म्हणून शरीर स्वतःच दाब वाढवते, तेव्हा तो उतरवणे म्हणजे अवयवांचा पुरवठा तोडणे, असे १९३० नंतरही मोठमोठे हृदयरोगतज्ज्ञ लिहीत होते. मूत्रपिंडाचा दोष सापडत नसलेल्या अशा दाबाला जर्मनीत १९११ पासून ‘इसेन्शियल’ असे जे नाव मिळाले होते, त्यातही तो अपरिहार्य असल्याचा सूर होता. कारण माहीत नाही आणि उपचार करू नये, असा हा दुहेरी पेच होता.

या पेचाच्या ऐन मध्यावर विदर्भातली घटना घडते. १९३५च्या डिसेंबरात वर्ध्याला गांधीजी अतिश्रमाने कोसळले. दाब फार वाढलेला आढळला. डॉ. जीवराज मेहता यांच्यासारख्या डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि काही आठवडे लिखाण, भेटी, प्रवास सारे थांबले. फेब्रुवारी १९३६ मध्ये ‘हरिजन’मध्ये पुन्हा लिहू लागल्यावर त्यांनी या आजाराचे मूळ कामाच्या ओझ्याइतकेच आपल्या मनात शोधले. गीतेने सांगितलेली अनासक्ती आपल्याला पुरती साधलेली नाही, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी ते सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले, पण दाबाने पाठ सोडली नाही. २६ ऑक्टोबर १९३७ रोजी, कलकत्त्याला काँग्रेसच्या बैठकीसाठी गेले असताना, तो १९४/१३० भरला. डिसेंबरात त्यांना जुहूच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवावे लागले. १९ फेब्रुवारी १९४० ची, बंगालच्या दौऱ्यातली नोंद २२०/११० अशी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये गांधीजींच्या प्रकृतीविषयीची कागदपत्रे प्रसिद्ध केली, त्यात हे आकडे आले. त्याच कागदांत त्यांचे वजन ४६.७ किलो आणि उंची १६५ सेंटीमीटर अशी नोंद आहे.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. माणूस सडपातळ, शाकाहारी, रोज मैलोगणती चालणारा, तंबाखू आणि दारू यांना न शिवणारा. दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांपासून कित्येक वर्षे त्यांनी मीठही वर्ज्य केले होते. आज डॉक्टर ज्या सवयी बदलायला सांगतात, त्यांतली एकही त्यांना नव्हती, आणि तरी दाब २२० पर्यंत चढत होता. वय सत्तरीचे होते, कामाचा आणि काळजीचा भार प्रचंड होता हे खरे. मौन पाळले की दाब उतरतो असा त्यांचा आणि भोवतालच्या डॉक्टरांचा अनुभव होता, म्हणून १९३७-३८ मध्ये त्यांनी मौनाचे तास वाढवले. पोटावर मातीची पट्टी, डोक्यावर ओला कपडा, शक्य तितकी विश्रांती, हा सेवाग्रामचा उपचार होता. त्यावर हसण्याचे कारण नाही. त्याच सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या दिमतीला जगातली उत्तम वैद्यकीय सेवा होती. त्यांचा दाब १९३७ मध्ये १६२/९८ होता, १९४१ मध्ये १८८/१०५ झाला, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले तेव्हा ३००/१९० होता. त्यांना मिळालेली औषधे होती गुंगी आणणारे फिनोबार्बिटॉल आणि हृदयासाठी डिजिटॅलिस. व्हाइट हाऊसला जे जमले नाही ते नागपूरच्या डॉक्टरांना १९४० मध्ये जमले नाही, यात त्यांचा काही कमीपणा नाही. कण्यातून पाणी काढणे हा त्या काळी मेंदूवरचा ताण हलका करण्याचा मान्य उपाय होता.

कारणाचे दावेदार मात्र बरेच होते, आणि प्रत्येकाला आपलेच कारण खरे वाटत होते. जंतूंच्या शोधांनी भारलेले काही डॉक्टर म्हणत, की दातांच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये दडलेला पू दाब वाढवतो. त्यापायी असंख्य रुग्णांचे दात विनाकारण उपटले गेले. पॅरिसच्या अंबार आणि बोझार यांनी १९०४ मध्येच मिठाकडे बोट दाखवले होते, पण त्यांचे फारसे कुणी ऐकले नाही. काहींचा रोख मज्जातंतूंवर होता. ते पाठीच्या कण्यालगतच्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करत. १९३४ मध्ये क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लॅटने कुत्र्याच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने थोडी आवळली आणि दाब वाढून तसाच राहिला. उपाशी पडलेले मूत्रपिंड रक्तात रेनिन सोडते आणि त्यातून धमन्या आवळणारा एक पदार्थ तयार होतो, हे १९४०च्या सुमारास अमेरिका आणि अर्जेंटिना इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. अनेकांना वाटले, सापडले कारण. पण रुग्णांची तपासणी सुरू झाली तेव्हा मूत्रपिंडाची धमनी अरुंद असलेले फार थोडे निघाले. गोल्डब्लॅटचा शोध खरा होता, पण तो शंभरातल्या मोजक्या रुग्णांनाच लागू पडत होता.

अडलेली गाडी पुढे ढकलली ती एका भारतीय मुळीने. सर्पगंधा हे झुडूप भारतातल्या दमट जंगलांत वाढते. त्याची मुळी सापाच्या विषावर आणि वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर चालते असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतली अल्कलॉइडे वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन म्हटले. देशात ही औषधी डॉक्टरांच्या वापरात आली, पण बाहेरच्या जगाने दखल घ्यावी असे मोजमाप झाले नव्हते. ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केले. अनेक वर्षे रुग्णांना ही मुळी देऊन त्यांनी नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांना दिल्या आणि त्यांनाही गुण दिसला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य पदार्थ, रेसर्पीन, वेगळा केला. १९५७ चे लास्कर पारितोषिक डॉ. वकील यांना मिळाले. तेव्हा केईएममधल्या या कामाची किंमत जगाने ओळखली होती.

या औषधाला दोष होते. काही रुग्णांना त्याने खिन्नता येई, आणि पुढे चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. तरी त्याचे दोन उपकार मोठे आहेत. एक म्हणजे दाब उतरवला तरी माणूस दगावत नाही, हे त्याने रोजच्या व्यवहारात दाखवले. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी १४३ पुरुषांवर जो प्रयोग केला, त्यात दिलेल्या तीन औषधांपैकी एक रेसर्पीन होते. १९६७ मध्ये निकाल आला तेव्हा औषध न मिळालेल्या गटात गंभीर घटना २७ होत्या आणि औषध मिळालेल्यांत २. अवयवांना वाढीव दाब लागतोच ही जुनी समजूत तिथे संपली. दुसरा उपकार कारणाच्या शोधातला आहे. रेसर्पीन मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेले नॉरअॅड्रेनलीन रिकामे करते आणि त्यानेच धमन्या सैल पडतात, हे कळल्यावर दाबावर मज्जासंस्थेचा अंमल चालतो हे हाती धरून दाखवता आले. गांधीजींच्या मौनाने दाब उतरण्यामागचा मार्गही हाच असणार.

मग मूत्रपिंड खरे की मज्जातंतू? १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये या प्रश्नाला वेगळेच वळण मिळाले. मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट म्हणत, की उच्च रक्तदाब हा एका जनुकाचा रोग आहे. तो एखाद्याला असतो किंवा नसतो. जॉर्ज पिकरिंग यांनी सर्वसामान्य लोकांचे दाब मोजून ते मांडले. त्यांना निरोगी आणि रोगी असे दोन ढीग दिसले नाहीत. दाब उंचीसारखा निघाला. बुटके, मध्यम, उंच यांच्यात जशी निसर्गाने आखलेली रेघ नसते, तशी इथेही नव्हती. डॉक्टर सोयीसाठी १४०/९० वर रेघ मारतात, पण जोखीम त्या रेघेच्या अलीकडेच चढू लागलेली असते. पिकरिंगांना हे पटवायला वर्षे लागली, कारण जंतूंच्या काळात घडलेल्या मनाला ‘किती’ हा प्रश्नच अडचणीचा वाटत होता, त्याला ‘कोणता’ हवा होता. अखेर पुरावा त्यांच्याच बाजूने झाला. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक माणसांच्या जनुकांची पाहणी झाली, तेव्हा दाबाशी नाते असलेली ठिकाणे ९०० हून अधिक भरली आणि प्रत्येकाचा परिणाम अगदी बारीक निघाला.

आज जे चित्र मान्य आहे ते थोडक्यात असे. हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलते आणि बारीक धमन्या त्याला किती अडवतात, या दोहोंवर दाब ठरतो. शरीरात मीठ आणि पाणी किती राहू द्यायचे हे मूत्रपिंडे ठरवतात, म्हणून दीर्घकाळचा दाब मुख्यतः त्यांच्या हाती असतो. मज्जासंस्था क्षणाक्षणाचा चढउतार सांभाळते आणि सतत चेतवली गेली तर मूत्रपिंडांनाही वरच्या पातळीवर नेऊन ठेवते. अधिवृक्क ग्रंथींचे स्राव, वाढलेले वजन, दारू, अपुरी झोप, व्यायामाचा अभाव, आणि वयाबरोबर ताठर होणाऱ्या धमन्या, हे सारे या यंत्रणेच्या कुठल्या ना कुठल्या टोकाला ओढतात. फार तर शंभरातल्या दहांमध्ये एखादा नेमका दोष सापडतो. उरलेल्या नव्वदांत अनेक बारीक ओढी एकत्र येतात.

इथे एक रास्त आक्षेप येतो. कारणे इतकी अनेक असतील तर मिठाच्याच मागे का लागायचे? मीठ जवळजवळ न खाणाऱ्या गांधीजींचा दाब वाढलाच ना? या आक्षेपाला बळ देणारा इतिहासही आहे. १९८८ मध्ये ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी १०,०७९ लोकांची पाहणी झाली, त्यात आपल्याकडचे लडाख आणि दिल्लीही होते. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी आणि त्यांच्यासारखे आणखी तीन, मीठ अत्यल्प खाणारे समाज त्यात होते. त्यांचा दाब कमी होता आणि वयानुसार फारसा वाढतही नव्हता. टीकाकार म्हणाले, हे चार वगळा, मग बाकीच्या ४८ ठिकाणी मीठ आणि दाब यांचे नाते पुसट होते. टीका पोकळ नव्हती. पण त्या चार समाजांना वगळणे म्हणजे कमी मिठावर जगणारी माणसेच हिशेबातून काढणे होय, आणि उरलेले सगळे कमीअधिक प्रमाणात जास्तच मीठ खाणारे आहेत. निर्णायक उत्तर प्रयोगाने दिले. चीनच्या ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवरचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या गावांत सोडियमचा पाव हिस्सा काढून त्या जागी पोटॅशियम घातलेले मीठ दिले होते. तिथे अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. (मूत्रपिंडाच्या रुग्णांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.)

गांधीजींच्या उदाहरणाचे उत्तर १९८८ च्या त्या पाहणीच्या प्रमुखांपैकी एक, जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये दिलेल्या विचारात आहे. या माणसाला दाब का झाला हा एक प्रश्न, आणि या गावात इतक्या जणांना दाब का आहे हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगळी असू शकतात. गावातले सगळेच खारट खात असतील तर मिठामुळे एक माणूस दुसऱ्याहून वेगळा दिसणार नाही. तिथे फरक जनुकांचा, वयाचा, काळजीचा दिसेल, आणि तरी सगळ्या गावाचा दाब वर उचलून धरणारे मीठच असेल. एकट्या माणसाचा दाखला मग तो मिठाच्या बाजूने असो की विरुद्ध, गावाविषयी काही सिद्ध करत नाही. माझ्या मते रक्तदाबाविषयीच्या साऱ्या इतिहासात हा सर्वांत उपयोगी विचार आहे, आणि घराघरांतल्या चर्चेत नेमका तोच हरवलेला असतो. ‘आमचे आजोबा लोणचे-पापड खाऊन नव्वद वर्षे जगले’ हे वाक्य खरे असू शकते, पण त्यातून मोहल्ल्याचा हिशेब निघत नाही.

दुसरा समज असा, की हा सारा ताणतणावाचा खेळ आहे. त्याच्याही बाजूने पुरावा आहे. इटलीच्या उंब्रिया प्रांतात मठात राहणाऱ्या १४४ जोगिणींची बाहेरच्या स्त्रियांशी तुलना झाली. वीस वर्षांत बाहेरच्यांचा दाब वाढला, जोगिणींचा जवळजवळ होता तिथेच राहिला. दोन्ही गटांच्या मिठात फारसा फरक नव्हता. पण केनियातल्या लुओ लोकांची पाहणीही लक्षात घ्यायला हवी. खेड्यातून नैरोबीला आलेल्या तरुणांचा दाब काही आठवड्यांतच चढू लागला, आणि त्याबरोबर त्यांच्या लघवीतले सोडियम व वजनही वाढले. शहर माणसाच्या जिवाला घोर लावते आणि त्याच्या ताटात मीठही वाढते. दोन्ही एकदम घडत असताना एकालाच कारण ठरवण्याचा हट्ट म्हणजे पुन्हा प्लेगच्या काळातला विचार झाला.

पुण्याकडून आलेला पुरावा हा शोध आणखी मागे, गर्भाशयापर्यंत नेतो. इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाखवले, की कमी वजनाने जन्मलेल्यांत मोठेपणी उच्च दाब आणि हृदयविकार जास्त आढळतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांहून हलकी असतात, पण त्यांच्या अंगातली चरबी तितकी कमी नसते, असे त्यांना आढळले. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा मराठी माणूस आतून सडपातळ असेलच असे नाही. आईचे पोषण हाही मुलाच्या पुढच्या दाबाच्या कारणांतला एक धागा आहे, आणि सुनेच्या ताटात शेवटी उरलेसुरले पडते त्या घरांनी त्याचा गंभीरपणे विचार करायला हवा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के उच्च दाबाच्या कक्षेत निघाले. आपल्याकडे माणशी रोजचे मीठ वेगवेगळ्या पाहण्यांत ८ ते ११ ग्रॅम भरते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅम आहे. पाश्चात्त्य देशांत यातला मोठा वाटा पाव, चीज आणि डबाबंद पदार्थांतून येतो. आपल्याकडे तो अजून स्वयंपाकघरातून, हाताने पडतो. महालात आणि इतवारीत पापड, सांडगी मिरची, लोणची, चिवडा, शेव ही घराघरांत आहेत, आणि पापडातल्या खारातही सोडियमच असते. तर्रीपोह्यांवर शेव, त्यावर पुन्हा वरून मीठ, हा क्रम बदलणे घरच्या माणसांच्या हाती आहे, त्यासाठी कुठल्याही कंपनीचे मन वळवावे लागत नाही.

उपचाराच्या बाजूने विदर्भाने पुन्हा एक पाऊल पुढे टाकले आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून जे जिल्हे आधी निवडले गेले, त्यांत वर्धा आणि भंडारा होते. ठरावीक स्वस्त औषधे, सरकारी केंद्रात मोफत गोळ्या, आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा अशी त्याची साधी रचना आहे. ज्या वर्ध्यात १९३५ मध्ये देशातल्या सर्वांत नामवंत रुग्णाला माती आणि मौन यापलीकडे फारसे काही देता आले नाही, तिथल्या शेतमजुराला आज गावच्या केंद्रात गोळी मिळते.

उच्च दाब बहुतेकांना काही त्रास देत नाही, म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. महालातल्या, नागपुरातल्या आणि बाहेरच्याही, तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा दाब मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू टाळावी, आणि एकाच आकड्यावर निष्कर्ष न काढता दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा. आकडा १४०/९० किंवा त्याहून वर येत राहिला तर डॉक्टरांकडे जावे, आणि गोळी सुरू झाल्यावर बरे वाटते म्हणून ती मनाने बंद करू नये.